शिसपेन्सिलीची फुली

डेन्मार्कमध्ये टपाल ही आता जवळजवळ संपलेली गोष्ट आहे. सरकारी पत्रं, बँकेची पत्रं, पगाराची चिठ्ठी, सगळं फोनमधल्या डिजिटल पेटीत येतं. २०२५ संपताना इथली टपाल कंपनी पत्रं वाटणंच बंद करणार होती आणि रस्त्यावरच्या लाल पेट्या उन्हाळ्यापासूनच उचलल्या जात होत्या. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्या जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत माझ्या नावाचं खरंखुरं कागदी कार्ड पडलेलं दिसलं, तेव्हा आधी वाटलं, पार्किंगचा दंड असणार. आमच्याकडे गाडीच नाही हे नंतर आठवलं.

ते मतदानाचं कार्ड होतं. मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८ ते रात्री ८, मतदान केंद्र अमुक शाळेचा जिम हॉल. निवडणुका दोन, एक कोपनहेगन शहराच्या कौन्सिलची आणि दुसरी रिजनची. रिजन म्हणजे इथे मुख्यतः हॉस्पिटलं चालवणारी संस्था.

मी यासाठी काहीही केलं नव्हतं. फॉर्म भरला नव्हता, फोटो दिला नव्हता, कुणाच्या दारात गेले नव्हते. पुण्यात आम्ही फॉर्म नंबर ६ भरून, पत्त्याचे पुरावे जोडून, नंतर यादीत नाव आलंय का ते चार चार वेळा बघणारी माणसं. इथे रहिवासी नोंदणीत तुमचा पत्ता असतो, त्यावरून मतदार यादी आपोआप तयार होते. माझा पासपोर्ट भारतीय आहे, डॅनिश नागरिकत्व मी मागितलेलंही नाही. तरी स्थानिक निवडणुकीत मला मत आहे, कारण मतदानाच्या आधी सलग ४ वर्षं मी इथे राहते आहे. युरोपियन युनियन, नॉर्वे, आइसलँड आणि ब्रिटनच्या नागरिकांना ही चार वर्षांची अट नाही, आपल्यासारख्यांना आहे. संसदेच्या निवडणुकीत मात्र परदेशी नागरिकाला मत नाही. बाहेरच्या देशांतून आलेल्या सगळ्यांना स्थानिक मत मिळालं १९८१ च्या निवडणुकीपासून. नुसतं मत द्यायलाच नव्हे, उभं राहायलाही मुभा आहे. हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू उभी राहू नकोस. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुझं काय होतं ते आठव."

आम्ही फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे आलो, ऐन कोविडात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निवडणूक झाली, पण तेव्हा आमची नऊच महिने भरलेली. दिव्याच्या खांबांवरचे चेहरे बघत बघत मुलीला बालवाडीत सोडायचं, एवढाच त्या निवडणुकीशी आमचा संबंध.

कार्डाचा फोटो आईला पाठवला. रात्री फोन आला.

"अगं, म्हणजे तू तिकडे नगरसेवक निवडणार?"

"हो."

"आणि आमच्याकडे कोण आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. मुंबईत तेच, इतर बहुतेक मोठ्या शहरांतही तेच. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा, यात साडेतीन वर्षं गेली होती. पुण्यात मी महापालिकेला शेवटचं मत दिलं ते २१ फेब्रुवारी २०१७ ला, कोथरूडमध्ये, आईच्या सोबत. चार सदस्यांचा प्रभाग, म्हणून चार मतं. आई अजून सांगते की त्या दिवशी मी चौथं बटण दाबायला इतका वेळ लावला की मशीनजवळचा माणूस खाकरला.

आता आईच्या गल्लीत पाणी आलं नाही तर तक्रार कुणाकडे करायची हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तिची मुलगी साडेसहा हजार किलोमीटरवर जाऊन दुसऱ्यांचं शहर कोण चालवणार ते ठरवणार होती. आईला याची गंमत वाटली की राग आला ते फोनवर कळलं नाही.

खरं तर "दुसऱ्यांचं शहर" हे बरोबर नाही. माझ्या पगारातून दर महिन्याला कोमूनचा म्हणजे नगरपालिकेचा कर जातो, तो करपात्र उत्पन्नाच्या तेवीस टक्क्यांहून जास्त. मुलीची शाळा कोमूनची, शाळेनंतरचं पाळणाघर कोमूनचं, सायकलचा रस्ता कोमूनचा, म्हाताऱ्यांच्या घरी येणारी मदतनीस कोमूनची, आणि दहा प्रकारांत वेगळा करायचा कचराही कोमूनचाच. दहा प्रकार! पुण्यात ओला आणि सुका एवढ्यावर आमच्या सोसायटीत भांडणं व्हायची. इथे पहिल्या वर्षी दुधाचा पुठ्ठ्याचा डबा कुठल्या डब्यात टाकायचा यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी घर घेण्यावर झाली नाही. असो. एवढं सगळं ज्यांच्याकडून घ्यायचं, त्यांना निवडायला हरकत कसली?

पोस्टर लागली २५ ऑक्टोबरला दुपारी. याचाही कायदा आहे. मतदानाच्या आधीच्या चौथ्या शनिवारी बारा वाजल्यापासून दिव्याच्या खांबांवर ती लावता येतात, आणि मतदानानंतर आठ दिवसांत काढावीच लागतात. त्या शनिवारी आम्ही बाजारातून येत होतो. बाराच्या आधीच कोपऱ्याकोपऱ्यावर शिड्या घेतलेली पोरं थांबलेली, कुणी सायकलच्या पुढच्या पेटीत पोस्टरांचा गठ्ठा घेऊन, आणि हातात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा जुडगा. बाराचे ठोके पडले आणि जी काही पळापळ झाली! अर्ध्या तासात आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक खांबाला तीन तीन चेहरे. आपल्या फ्लेक्सच्या मानाने अगदी गरीब प्रकार. एक चेहरा, एक नाव, पक्षाचं अक्षर. खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा नाहीत, वर दिवंगत नेत्यांचे ढग नाहीत, हात जोडलेले नाहीत, आणि कुणीच भाऊ, दादा किंवा ताई नाही.

पक्षांना इथे चिन्हं नसतात, अक्षरं असतात. सोशल डेमोक्रॅट म्हणजे ए. समाजवादी लोकपक्ष, ज्याला सगळे नुसतं एसएफ म्हणतात, तो एफ. त्यांच्याही डावीकडे एनहेड्सलिस्टन, त्याचं अक्षर म्हणजे ओ वर तिरकी रेघ मारलेलं, जे मला चार वर्षांनीही धड उच्चारता येत नाही. निवडणुकीच्या आश्वासनांना डॅनिश लोक 'वाल्गफ्लेस्क' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'निवडणुकीचं डुकराचं मांस'. आपण गाजर दाखवतो, हे मांस दाखवतात. ज्याच्या त्याच्या हवामानाप्रमाणे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, ऐंशीच्या घरातल्या. डॅनिशमध्ये अहो-जाहो जवळजवळ उरलेलं नाही. त्या मला नावाने हाक मारतात आणि मीही त्यांना नावाने. मनातल्या मनात मात्र मी त्यांना आजी म्हणते, इथेही तसंच लिहिते. त्यांचे यजमान बी अँड डब्ल्यू या जहाजं बांधणाऱ्या कंपनीच्या गोदीत वेल्डर होते. ही गोदी १९९६ मध्ये बंद पडली. गोदीतला कामगार आणि सोशल डेमोक्रॅट हे एकेकाळी इथे वेगळं सांगावं लागत नसे. कोपनहेगनच्या सर्वोच्च पदावर त्याच पक्षाचा माणूस बसणार हे शंभराहून जास्त वर्षं गृहीतच धरलेलं. या पदाला १९३८ पासून 'ओव्हरबोर्गमेस्टर' म्हणतात, आणि ते नाव पडल्यापासून तर दुसऱ्या पक्षाचं कुणी त्या खुर्चीत बसलंच नव्हतं.

आजींनी मला व्यवस्था समजावली, त्यांच्या स्वयंपाकघरात, एका जुन्या पाकिटाच्या मागे आकडे काढून. शहराच्या कौन्सिलमध्ये ५५ जण. सगळं शहर एकच मतदारसंघ, प्रभाग वगैरे काही नाही. तुम्ही एकच फुली मारायची, पक्षाच्या नावापुढे किंवा त्या पक्षाच्या एखाद्या उमेदवारापुढे. पक्षाला मिळालेल्या मतांना आधी एकाने, मग दोनने, मग तीनने, असं भागत जायचं आणि जे आकडे मोठे येतील त्यांना जागा. मित्रपक्षांनी आधीच एकमेकांशी आघाडी नोंदवली असेल तर एकाची वाया जाणारी मतं दुसऱ्याच्या कामी येतात. मग या ५५ मधून २८ जण ज्याच्या मागे उभे राहतील तो ओव्हरबोर्गमेस्टर. त्याच्या हाताखाली म्हणा, शेजारी म्हणा, आणखी सहा बोर्गमेस्टर: शाळांचा एक, रस्ते आणि पर्यावरणाचा एक, आरोग्याचा एक, अशी सहा खाती, आणि ती पक्षांच्या ताकदीप्रमाणे वाटली जातात. म्हणजे एका शहराला सात महापौर. आणि विरोधकांकडेही खाती असतात.

"मग सगळ्यात मोठ्या पक्षाचा ओव्हरबोर्गमेस्टर होतो?" मी विचारलं.

आजी हसल्या. "गेल्या वेळी काय झालं ते तुला माहीत नाही?"

२०२१ मध्ये एनहेड्सलिस्टन सगळ्यात मोठा पक्ष ठरला होता, जवळपास २५ टक्के मतं. सोशल डेमोक्रॅट १७ टक्क्यांवर. तरी बाकीच्या पक्षांनी मिळून खुर्ची सोशल डेमोक्रॅट सोफी हेस्टॉर्प अँडरसन यांना दिली. मतमोजणीच्या रात्री नगरभवनात जी बोलणी होतात त्यांना इथे 'कॉन्स्टिट्यूएरिंग' म्हणतात. कोण कुणाला पाठिंबा देणार, कुठलं खातं कुणाला, ते कागदावर उतरवायचं आणि सह्या करायच्या. २०१९ चा महाराष्ट्र पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. फरक इतकाच की इथे रिसॉर्टची बस लागत नाही. रात्रभर खुर्च्या आणि कॉफीवर भागतं.

पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये एक चमत्कारिक अदलाबदल झाली. पंतप्रधान मेटे फ्रेडरिकसन यांनी ओव्हरबोर्गमेस्टर हेस्टॉर्प अँडरसन यांना मंत्रिमंडळात नेलं, आणि त्यांच्याकडे जे खातं गेलं त्याच्या आधीच्या मंत्री, पर्निले रोसेनक्रान्स-टाइल, कोपनहेगनला पक्षाच्या उमेदवार म्हणून आल्या. "वरून आलेला उमेदवार" हा प्रकार आपल्याकडे लोक कसा घेतात ते सांगायला नको. इथेही कपाळाला आठ्या पडल्या, फक्त आवाज कमी.

मत कुणाला द्यायचं हे ठरवायला मी आधी 'कँडिडेट टेस्ट' दिली. टीव्हीवाले आणि वर्तमानपत्रं ती काढतात. पंधरावीस विधानं असतात, प्रत्येकाला सहमत की असहमत ते सांगायचं. उमेदवारांनीही तीच प्रश्नपत्रिका सोडवलेली असते, मग तुमचं कुणाशी किती जुळतं ते टक्क्यांत कळतं. अगदी पत्रिका जुळवल्यासारखं. रस्त्यावरच्या गाड्यांच्या जागा कमी कराव्यात का, समुद्रात भराव घालून लिनेटेहोम नावाचं नवं बेट होतंय ते थांबवावं का, असले प्रश्न. घरांच्या भावाचा विषय तर सगळीकडे. माझे सर्वांत जास्त गुण जुळले ते अशा एका उमेदवाराशी, ज्याच्या पक्षाला मी मरेपर्यंत मत दिलं नसतं. नवऱ्याने ती टेस्ट दिली आणि त्याचे माझ्याशी किती जुळतात ते विचारलं. मी लॅपटॉप बंद केला.

मग मतदारांची सभा. आमच्या भागातल्या लायब्ररीत, बुधवारी संध्याकाळी. पन्नासेक खुर्च्या, त्यातल्या तीस भरलेल्या. नऊ उमेदवार ओळीत बसलेले, सहा जणांच्या पायाशी सायकलची हेल्मेटं. प्रत्येकाला एक मिनिट, आणि लायब्ररीची बाई हातात छोटी घंटा घेऊन. एक मिनिट संपलं की टिण्ण. एक माजी शिक्षक वाक्याच्या मध्यावर थांबला आणि खरंच खाली बसला! मी आयुष्यात पहिल्यांदा घंटा वाजल्यावर बसलेला उमेदवार बघितला.

मी हात वर करून प्रश्न विचारला. मुलीच्या शाळेसमोरच्या चौकात उजवीकडे वळणारे ट्रक आणि सरळ जाणाऱ्या सायकली एकत्र येतात, तिथे सिग्नलची वेळ वेगळी का होत नाही? माझं डॅनिश अर्ध्यात अडखळलं, एका शब्दापाशी तर पूर्ण थांबलं, आणि मागच्या रांगेतल्या एका माणसाने तो शब्द हळूच पुरवला. नऊपैकी चौघांनी उत्तर दिलं. दोघांनी आश्वासन दिलं. एकीने चौकाचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. मी माझं मत तिथेच ठरवलं. कुणाला, ते सांगणार नाही. आईलाही सांगितलेलं नाही.

१८ तारखेला ऑफिसातून तीनला निघाले. चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे मतदानाला जाताना रात्रच झाल्यासारखं वाटतं. आजी वॉकर घेऊन जिन्याशी तयार होत्या. केस विंचरलेले, लिपस्टिक लावलेली. "मतदानाला मी नेहमीच नीट तयार होऊन जाते," म्हणाल्या. मग रस्त्याने त्यांनी सांगितलं की डेन्मार्कमध्ये बायकांना नगरपालिकेचं मत १९०८ मध्ये मिळालं, संसदेचं मिळायच्या सात वर्षं आधी, आणि त्यांच्या आजीने ते पहिलं मत दिलं होतं की नाही याबद्दल घरात मतभेद आहेत.

जिम हॉलमध्ये रबराचा आणि ओल्या कोटांचा वास. भिंतीला चढायच्या शिड्या, वर गुंडाळलेले दोर, त्याखाली टेबलं मांडलेली. टेबलामागे स्वेटर घातलेले चार-पाच जण, थर्मास, केकचा तुकडा खाऊन झालेली बशी. पोलीस नाहीत, रांगेला दोर नाही. मी पिशवीत पासपोर्ट, राहण्याचा परवाना, आरोग्य विम्याचं पिवळं कार्ड, सगळं घेऊन गेले होते. समोरच्या माणसाने मतदानाचं कार्ड घेतलं आणि जन्मतारीख विचारली. मी सांगितली. त्याने दोन मतपत्रिका पुढे केल्या. संपलं. मी अजून काहीतरी विचारतील म्हणून उभीच.

"पेन्सिल आत आहे," तो म्हणाला.

मी नकळत डाव्या हाताचं बोट पुढे केलं होतं. तसं का केलं त्याला कळलं नसणार. मी ते बोट केसांत नेलं.

शहराची मतपत्रिका उलगडली तर ती वर्तमानपत्राच्या पानाहून मोठी. पक्षामागून पक्ष, प्रत्येकाखाली उमेदवारांची रांग, शेकडो नावं. आतला आडोसा इतका अरुंद की कागद दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होता. मला हवं ते नाव सापडेना. सापडलं तेव्हा हात थरथरला म्हणा, घाई झाली म्हणा, फुली पडली वरच्या ओळीतल्या माणसापुढे. एक अनोळखी पेन्शनर, दाढीवाला असावा असं नावावरून वाटलं. खोडरबर नव्हतं. थुंकी लावून पुसायचा विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोला. पुण्यात बटण दाबलं की बीप वाजतो, खेळ खलास. इथे चूक तुमच्या हातात तशीच राहते आणि तुमच्याकडे बघत राहते.

बाहेर आले आणि टेबलावरच्या बाईला म्हटलं, चुकलं. तिने शांतपणे कागद परत घेतला आणि नवी मतपत्रिका दिली. पेटीत टाकायच्या आधी बदलून मिळते. "सकाळपासून बरेच जण आलेत," ती म्हणाली. दुसऱ्यांदा मी बोटाने ओळ धरून ठेवली, मुलगी वाचताना धरते तशी, आणि फुली मारली. दोन छोट्या रेघा. रिजनची मतपत्रिका मात्र पटकन झाली, कारण तिथे मी एकालाही ओळखत नव्हते. कोपनहेगनचा रिजन आणि शेजारचा सीलँड मिळून नवा पूर्व डेन्मार्क रिजन होणार आहे, २०२७ पासून. त्याची ही पहिली निवडणूक होती आणि त्याबद्दल माझ्या ओळखीत कुणीच बोलत नव्हतं.

आजींना आत बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, सापडलं ना?

"माझ्या नवऱ्याने जन्मभर ए लाच मत दिलं," त्या म्हणाल्या. मग वॉकरचा ब्रेक सोडत, "आणि मी आत काय केलं ते गुप्त आहे."

मतमोजणी इथे कुणालाही बघता येते. पास लागत नाही. रात्री आठला दार बंद झालं आणि मी, एक कॉलेजातला मुलगा आणि कुत्रा घेऊन आलेले एक गृहस्थ, एवढे तिघे बघे म्हणून कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. पेट्यांची कुलपं काढली, आणि टेबलांवर कागदांचा ढीग ओतला. तो आवाज मी विसरणार नाही, पावसाने पत्र्यावर सुरुवात करावी तसा. मग स्वेटरवाले सगळे उभे राहून घड्या उघडू लागले आणि अक्षराप्रमाणे गठ्ठे लावू लागले. त्या रात्री फक्त पक्षांची मतं मोजतात. कुठल्या उमेदवाराला किती, ती बारीक मोजणी दुसऱ्या दिवशी.

आकडे जाहीर व्हायच्या कितीतरी आधी डोळ्यांना कळत होतं. ओ वर रेघवाला गठ्ठा वाढत चाललेला. एफचा त्याच्या मागोमाग. आणि ए चा, शंभर वर्षांचा ए, कमरेइतकासुद्धा नाही, एक बारीक चळत. तो गठ्ठा लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने ती दोनदा टेबलावर ठोकून कडा सरळ केल्या. बाकीच्या गठ्ठ्यांच्या कडा कुणी सरळ करत नव्हतं. तासाभराने कुत्रा कंटाळला आणि मीही उठले.

घरी टीव्हीवर नगरभवनातले कॅमेरे. दारं उघडतायत, मिटतायत, माणसं फोन कानाला लावून जिन्यांवरून वरखाली. नवरा म्हणाला, "हे तर अगदी आपलंच." बाराला आम्ही झोपलो.

बुधवारी चित्र स्पष्ट झालं. एनहेड्सलिस्टन साधारण २२ टक्के, पुन्हा सगळ्यात मोठा पक्ष. एसएफ १८ च्या आसपास. सोशल डेमोक्रॅट १३ टक्क्यांच्याही जरा खाली. आणि खुर्ची पुन्हा एकदा सगळ्यात मोठ्या पक्षाला न मिळता दुसऱ्या क्रमांकाच्या एसएफला, सिसे मारी वेलिंग यांना. म्हणजे डाव्यांच्या हातून डाव्यांच्याच हाती, पण ए च्या हातून पहिल्यांदाच. शेजारच्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये २०२१ ला कन्झर्वेटिव्हांची ११२ वर्षांची सत्ता संपली होती तेव्हा जो धक्का बसला होता, तो आता उलट्या बाजूने. देशभरातही पंतप्रधानांच्या पक्षाची मतं २८ टक्क्यांवरून २३ वर आली.

ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर कारणं मोजली गेली. कुणी म्हणालं, राष्ट्रीय सरकारात उजव्या पक्षांबरोबर बसल्याची शिक्षा. कुणी म्हणालं, परदेशी लोकांबद्दल पंतप्रधान ज्या सुरात बोलतात तो सूर राजधानीत चालत नाही. हे म्हणताना दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच सॅलडकडे. मला वाटतं, घरांच्या किमती हे जास्त खरं कारण. आमच्या विभागातल्या तिशीच्या आतल्या एकालाही शहरात घर घेता आलेलं नाही, आणि ज्या पक्षाने शंभर वर्षं शहर चालवलं त्याला "हे आमच्या हातात नव्हतं" असं म्हणण्याची सोय नसते. मीही त्या टेबलावर माझं मत मांडलं, आणि बोलताना लक्षात आलं की "तुमचं कोपनहेगन" ऐवजी "आपलं" असं काहीतरी तोंडातून गेलं. कुणी टोकलं नाही.

आणखी एक गोष्ट त्याच टेबलावर कळली. आमच्या मजल्यावर आठ परदेशी लोक आहेत, त्यातल्या पाच जणांना मत होतं. दिलं दोघांनी. एक जण म्हणाला, ते कार्ड त्याला जाहिरात वाटलं आणि त्याने ते कागदाच्या डब्यात टाकलं. निदान डबा तरी बरोबर निवडला.

आजींना भेटायला संध्याकाळी गेले. त्या खिडकीपाशी रेडिओ लावून बसल्या होत्या. मी विचारलं, वाईट वाटलं का? त्यांनी खांदे उडवले. "शंभर वर्षं पुरे झाली. पण तो असता तर आज जेवला नसता," भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाल्या. मग त्यांनी रेडिओ बंद केला आणि मला कॉफी दिली, आणि आम्ही त्यांच्या गुडघ्याबद्दल बोललो.

आठ दिवसांत पोस्टरं उतरली. आमच्या कोपऱ्यावरच्या खांबाला मात्र प्लॅस्टिकची एक पट्टी अजून तशीच अडकलेली आहे, मी उडी मारूनही हाताला न येणारी.

१ जानेवारीपासून नवी कौन्सिल कामाला लागली. आणि १५ जानेवारी २०२६ ला अखेर पुण्यातही मतदान झालं, राज्यातल्या सगळ्या २९ महापालिकांचं एकदम. जवळजवळ नऊ वर्षांनी. आईने दुपारी फोटो पाठवला, फक्त बोटाचा, शाई नखावरून कातडीवर उतरलेली. मागे आमच्या गॅलरीतली तुळस अर्धवट दिसत होती. मग फोन.

"चारही बटणं मी एका मिनिटात दाबली. तुझ्यासारखं नाही," ती म्हणाली. "आणि तुमच्या त्या नव्या बाईंनी काही केलं का?"

"अजून काही नाही. पण रस्त्यावरचा बर्फ वेळेवर काढतात."

"बघ. बाई आहे ना."

"अगं आई, तो विषय ओव्हरबोर्गमेस्टरांचा नाही, रस्त्यांच्या बोर्गमेस्टरकडे येतो. सात जण आहेत ते."

पलीकडे थोडा वेळ शांतता. "सात," आई म्हणाली. "आणि आमच्याकडे चार वर्षं एकही नव्हता."